एजंटचा हिशेब आणि डब्लिनचा

प्रश्न : ताई, डब्लिनला एक वर्षाच्या एमएस्सीसाठी प्रवेश मिळालाय, सप्टेंबरमध्ये निघायचंय. बाबांनी राहती जागा तारण ठेवून कर्ज काढलंय. एजंट म्हणतो, पार्टटाइम करून हप्ते सहज सुटतील. खोली मात्र मिळत नाही. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत आणि ‘आजच डिपॉझिट टाक, नाहीतर दुसऱ्याला देतो’ म्हणतोय. टाकू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : एक छदामही टाकू नकोस. ‘मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल’ असं पुढचं वाक्य आलं की नंबर ब्लॉक कर. तिथे आधीच असलेल्या कुणीतरी खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. डब्लिनमध्ये घरांची टंचाई खरीच आहे. आपल्या मालवणातल्या वरडचं मूळ असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झाले, तरी ती काही हटली नाही.

मी तुला डिग्ज बघायला सांगेन, म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरातली एक खोली. अशा भाड्यावर मालकाला वर्षाला 14,000 युरोपर्यंत कर लागत नाही, म्हणून बरीच कुटुंबं विद्यार्थी ठेवतात. पण दोन गोष्टी आधीच विचार. काही डिग्ज फक्त सोमवार ते शुक्रवार असतात. आयरिश मुलं शनिवारी आपापल्या गावी जातात, तू कुठे जाणार? दुसरं, स्वयंपाकघर वापरायला मिळेल का. माझ्या डिग्जमध्ये मोहरी तडतडली की जिन्यातला स्मोक अलार्म बोंबलायचा आणि घरमालकीणबाई टॉवेल घेऊन वारा घालायला धावायच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण हिंगाशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. शहरातच राहायचा हट्टही सोड. डब्लिनजवळच्या मेनूथ किंवा ब्रे गावाहून ट्रेनने येता येतं. कर्जत-कसाऱ्याहून रोज सीएसएमटी गाठणारी माणसं पाहिली आहेस तू, तुला त्यात काय विशेष! फक्त रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, ते बघून ठेव. तिथे एक चुकली तर मागून लगेच दुसरी येत नाही.

आता हप्त्यांचं. स्टॅम्प 2, म्हणजे तिथल्या विद्यार्थी परवान्यावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. जून ते सप्टेंबर आणि 15 डिसेंबर ते 15 जानेवारी 40 तास. जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 14.15 युरो आहे, म्हणजे पूर्ण 20 तास मिळाले तर आठवड्याला 283 युरो. त्यातून भाडं आणि किराणा निघाला तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. एजंट एक गोष्ट हमखास गाळतो : उन्हाळ्यात 40 तासांची मुभा असते खरी, पण एमएस्सीचा प्रबंधही नेमका त्याच महिन्यांत लिहायचा असतो. शिवाय पीपीएस नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) घेऊन रेव्हेन्यूकडे, म्हणजे कर खात्याकडे, नोंदणी होईपर्यंत पगारातून इमर्जन्सी टॅक्स, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त कर, कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात खिसा रिकामाच. व्हिसासाठी जे 10,000 युरो दाखवायचे असतात, ते नुसते दाखवायचे नाहीत, खर्चायचे आहेत. आयआरपी कार्डाचे, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचे, 300 युरो वेगळे.

कर्ज फिटतं ते नंतर. एमएस्सी झाल्यावर स्टॅम्प 1जीवर, म्हणजे पदवीनंतरच्या परवान्यावर, दोन वर्षांपर्यंत राहून पूर्णवेळ नोकरी करता येते. तोवर बाबांना व्याज भरणं झेपेल का, हे आजच कागद-पेन घेऊन दोघांनी बसून बघा.

प्रश्न : माझा मुलगा इथे कायम 85च्या वर. डब्लिनला पहिल्या सत्रात 63 मिळाले, तरी ‘चांगले आहेत’ म्हणतो. रात्री फोनवर आवाजही पडलेला असतो. काही लपवतोय का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : काकू, गुणांबद्दल तो खरं बोलतोय. तिथे 70च्या वर फर्स्ट, म्हणजे पहिला वर्ग, आणि 60 ते 69ला टू-वन, म्हणजे त्याच्या लगेच खालचा वर्ग म्हणतात. नोकरी देणारे बहुतेकदा तेवढंच मागतात. नोट्स पाठ करून उतरवणाऱ्याला तिथे 50च्या आसपासच मिळतात, म्हणजे तुमच्या लेकाने स्वतःचं डोकं चालवलंय.

आवाजाचं मात्र मनावर घ्या. हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे असतो. तुम्ही रात्री दहाला फोन करता तेव्हा त्याच्याकडे साडेचार वाजलेले असतात, आणि डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळलेला असतो. सकाळीही साडेआठच्या सुमारासच सूर्य उगवतो. फोन शनिवारी संध्याकाळी साडेपाचला करा, त्याची दुपार असेल. ‘जेवलास का’ विचारण्याआधी ‘आज बाहेर पडलास का’ विचारा. विद्यापीठात समुपदेशक असतात, विद्यार्थ्यांकडून पैसे घेत नाहीत. आणि विद्यापीठातल्या एखाद्या सोसायटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळात, नाव घालायला सांगा, मग ती क्रिकेटची असो की बुद्धिबळाची.

प्रश्न : लेकीच्या बॅगेत कुकर, गोडा मसाला, साजूक तूप आणि पेढे भरतोय. चालेल ना?
– एक बाबा, दहिसर

उत्तर : कुकर आणि मसाला खुशाल भरा. तूप आणि पेढे काढा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. त्या जागेत तीन चपट्या पिनांचे दोन अ‍ॅडाप्टर टाका. छत्री नको, तिथल्या वाऱ्यात ती उलटीच होते. टोपीचं रेनकोट जॅकेट द्या.