आईवडील दोघांनाही एचआयव्ही असेल तर मुलाला सांगावं का? अशा मुलांचं पुढे नीट होतं का?

तुम्ही लिहिलंय की बहीण आणि भावजी दोघंही पॉझिटिव्ह आहेत, भाचा अकरा वर्षांचा, त्याची टेस्ट निगेटिव्ह आली पण पोरगं हल्ली गप्प गप्प असतं, त्याला सांगावं का नाही आणि अशा मुलांचं पुढे काही चांगलं होतं का. मी तशीच मुलगी आहे म्हणून लिहितेय. डॉक्टर वगैरे नाही, एका दूध संघात अकाउंट्सला आहे.

आधी एक क्लिअर करते. अकरा वर्षांचं पोरगं निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. एका ताटात जेवून, आईच्या कुशीत झोपून, तिचा मुका घेऊन त्याला काही होणार नाही. तुम्हाला हे माहीत असणार, पण घरातल्या म्हाताऱ्यांना आणि शेजारच्या काकूंना परत परत सांगावं लागतं.

आमचं गाव विट्याकडचं. तिकडची निम्मी माणसं गलाईला बाहेर, सोनंचांदी गाळायच्या धंद्यात, कुणी कोईमतूर कुणी कानपूर. पप्पा पण त्यातच होते, दिवाळी आणि जत्रेला यायचे. २००२ला आले ते आजारी होऊनच आले, ताप, जुलाब, शर्ट अंगावर लोंबायला लागला, आणि २००३च्या श्रावणात गेले. मी नऊ वर्षांची, धाकटी पाच. सरकारने एचआयव्हीच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ला, ती पण पहिल्यांदा मोजक्याच मोठ्या दवाखान्यांत. म्हणजे आठ महिने. हा हिशोब मी किती वेळा केलाय, करू नये कळतं पण होतो.

मग आईची टेस्ट झाली, आमची पण. आम्ही दोघी निगेटिव्ह, आई पॉझिटिव्ह. मला सांगितलं काय, तर आईला अशक्तपणा आहे. पण मुलांना कळतं हो. चुलतीने आमची ताटं वेगळ्या कोपऱ्यात ठेवली, आईच्या हातची भाकरी कुणी खाईना, शाळेत खिचडी वाढताना बाईंनी मला ओळीच्या शेवटी नेऊन बसवलं. मी त्यातून काय अर्थ काढला माहितीये? की मीच काहीतरी केलंय. पप्पा आजारी असताना एकदा रागात मी त्यांना 'जावा परत कोईमतूरला' म्हणाले होते, तेच लागलं असं वाटायचं. तीन वर्षं हे कुणाला बोलले नाही. तुमचा भाचा गप्प आहे म्हणजे त्याला काही माहीत नाही असं समजू नका, अर्धं त्याला माहीत असेल आणि उरलेलं त्याने मनाने रचलं असेल.

मला शेवटी सांगितलं ते काउन्सेलर ताईंनी, २००६ला, आईची एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांचे उपचार, सांगलीला चालू झाली तेव्हा. आईचं सीडी फोर, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा, ११२ होतं. तेव्हा ते २०० च्या खाली गेलं की गोळ्या असा नियम होता, आता २०१७पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच चालू करतात. आई म्हणत होती पोरीला बाहेर बसवते, तर ताई म्हणाल्या गोळ्यांची आठवण तीच करणार ना, मग बसू दे. आणि त्यांनी मला साध्या भाषेत सांगितलं की आईच्या रक्तात एक जंतू आहे, तो मरत नाही पण गोळीने झोपून राहतो, गोळी चुकली की उठतो. सकाळी आठ, रात्री आठ. मी विचारलं, आई मरणार का? ताईंनी 'छे गं' म्हणून उडवून नाही लावलं. म्हणाल्या, 'गोळ्या सोडल्या तर मरेल. घेतल्या तर तू कॉलेजला जाशील तेव्हा डबा तीच करून देईल.' माझ्याबद्दल बोलताना कॉलेज हा शब्द तोपर्यंत कुणी काढलाच नव्हता.

येताना एसटीत मी आईला ते कोईमतूरचं सांगितलं. ती आधी हसली, मग रडायला लागली, कंडक्टर बघत राहिला.

धाकटीला मात्र आम्ही सांगितलं नाही, लहान आहे म्हणून. ती 'लहान'च राहिली आमच्यासाठी. नववीत असताना तिला आईचं एआरटीचं पुस्तक ट्रंकेत सापडलं आणि तिने ते एकटीने बसून वाचलं. वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, दहावी दोनदा दिली. आता तिचं पार्लर आहे, छान चाललंय, पण भांडण झालं की अजून म्हणते, 'तुम्ही दोघी एका बाजूला होता.' आणि ते खरं आहे.

म्हणून सांगा. पण मामा म्हणून तुम्ही परस्पर सांगू नका, बहिणीने सांगायचं, तुम्ही शेजारी बसा. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने पण २०११लाच म्हटलंय की शाळेच्या वयातल्या मुलांना आईवडिलांचं स्टेटस सांगावं, सगळं एका दिवसात नाही, झेपेल तसं थोडं थोडं. आजार कसा झाला हे तो कदाचित विचारणारच नाही, त्याला आधी हे पाहिजे असतं की आईपप्पा राहणार का, मला होईल का, आणि मित्रांना सांगायचं का. या शेवटच्याला 'लपवायचं' असं म्हणू नका, 'ही आईपप्पांची गोष्ट आहे, कुणाला सांगायची ते ठरवतील' असं म्हणा. लपवायचं म्हटलं की पोराला लाज वाटायला लागते.

आता पुढचं. लोक म्हणतात परिस्थितीने मुलं खंबीर होतात, मला हा डायलॉग अजिबात आवडत नाही. मी खंबीर वगैरे नव्हते, रात्री उठून आईचा श्वास चालू आहे का बघणारी घाबरट पोरगी होते. फक्त माझ्याशी पुढच्या वर्षाचं बोलणारी दोनतीन माणसं होती. आज्जी, म्हणजे आईची आई, मी सातवीत असताना म्हणायची, 'औंदा शेळीला दोन झाली तर एक तुझ्या धाव्वीच्या क्लासला.' आणि खरंच पाट ठेवली तिने, विकली ती मी दहावीत गेल्यावरच. दुसरे आमचे गणिताचे सर. चुलता म्हणायचा 'ही बाई किती दिवसांची', म्हणून पप्पांच्या वाट्याच्या पावणेदोन एकराची वारस नोंद कुणी करत नव्हतं. सर आईला घेऊन तलाठ्याकडे चार चकरा मारून आले आणि सातबाऱ्यावर आईचं आणि आम्हा दोघींचं नाव लागलं. त्या उताऱ्याची झेरॉक्स मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवली होती, रोज बघायची.

चीनमध्ये हेनान प्रांतात १९९०च्या दशकात लोकांनी पैशासाठी रक्तातला प्लाझ्मा विकला आणि गावंच्या गावं एचआयव्हीने बाधित झाली, तिथल्या मुलांवर पुष्कळ संशोधन झालंय. त्यात पण हेच येतं की सांभाळणाऱ्या माणसावर मुलाचा भरवसा असेल तर ते पुढचा विचार करू शकतं. वाचून मला आज्जीची शेळीच आठवली.

आणि ज्या मुलांना स्वतःलाच आहे त्यांचंही बघा. हासेगावला, लातूर जिल्ह्यात, रवी बापटलेंनी २००७ला अशा मुलांसाठी सेवालय ही संस्था काढली, पंढरपूरला मंगलाताई शहांची पालवी आहे. तिथे वाढलेली मुलं मोठी झाली, शिकली, सेवालयातल्या मुलांची तर लग्नं पण लागलीत. भाच्याला संस्थेत ठेवायची काही गरज नाही हां, आईवडील धडधाकट आहेत, मी फक्त 'पुढे काय होतं' याचं उत्तर देतेय.

पैशाचं म्हणाल तर बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात, आईवडिलांना एचआयव्ही असेल तरी अर्ज करता येतो, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारा. शाळेने त्रास दिला तर २०१७चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८पासून लागू, शाळा काढू शकत नाही आणि दवाखाना परवानगीशिवाय कुणाला सांगू शकत नाही. त्याच कायद्यात एक कलम आहे, अशा घरातलं घर चालवणारं बारा ते अठरा वयाचं समजूतदार भावंड धाकट्याचं पालक होऊ शकतं, शाळेचा दाखला, बँकेचं खातं वगैरेसाठी. ते वाचून मी ऑफिसात बसून रडले. बारा वर्षांची असताना आई ॲडमिट होती म्हणून धाकटीच्या स्कॉलरशिपचं खातं काढायला मी एकटी बँकेत गेले होते, साहेब म्हणाले मोठ्या माणसाला पाठव.

लग्नाचं पण सांगते. दोन स्थळं मोडली, गावातून कुणीतरी फोन केला. तिसऱ्याला मी स्वतःच सांगितलं, रसवंतीवर बसून. आई म्हणत होती बीपी आहे म्हणून सांग. तो बराच वेळ गप्प, मग म्हणतो 'तुझं चेक केलंय ना?' असला राग आला. म्हटलं केलंय, तू पण कर. दोघांनी केलं. त्याच्या घरच्यांना अजून माहीत नाही, ती माहिती आईची आहे, म्हणून इथे नाव टाकत नाही.

आई आता रात्री एकच गोळी घेते, वायरल लोड, म्हणजे रक्तातला तो जंतू, मशीनला सापडत नाही इतका कमी आहे. कॉलेजचा डबा तिनेच दिला, मेथीची भाजी इतकी दिली की अजून नको वाटते.

तुम्ही एक करा. बहिणीची एआरटीची पुढची तारीख शाळेच्या सुट्टीला धरून घ्या, काउन्सेलरना आधीच सांगून ठेवा की मुलगा येणार आहे, आणि त्याला सोबत न्या. काही अडलं तर १०९७ला, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. येताना गाडीत त्याला खिडकीजवळ आईशेजारी बसवा आणि तुम्ही जरा मागच्या सीटवर बसा.