भरल्या पोटी प्यालेले पाणी जठरात का रेंगाळते?

सकाळी उपाशीपोटी तांब्याभर पाणी प्याल्यास तासाभरात लघवीला जावे लागते, पण दुपारी शागोती-भात जेवून तेवढेच पाणी प्याल्यास पोट गच्च होऊन बसते, असे का, हा आपला प्रश्न आहे. फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना मला तो अनेकदा ऐकावा लागला.

जठर किती वेगाने रिकामे व्हावे, हे मुख्यतः त्याच्या पुढचे लहान आतडे ठरवते. साध्या पाण्यात अडवण्यासारखे काही नसल्यामुळे त्यातले निम्मे १० ते २० मिनिटांत पुढे सरकते. जठरात पाणी जवळजवळ शोषले जात नाही. आतड्यातून ते रक्तात उतरले की रक्त किंचित पातळ होते, शरीरात पाणी राखून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि मूत्रपिंडे जादा पाणी सोडून देतात.

शागोतीतल्या खोबऱ्याच्या वाटणाचा स्निग्धांश ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पोचताच मात्र तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सोडतात, जे पित्ताशयाला आकुंचित करते आणि त्याच वेळी, मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या मदतीने, जठराचा वरचा भाग सैल पाडून खालची झडप आवळते. अन्नरस आतड्याच्या शेवटाकडे गेला की जीएलपी-१ आणि पेप्टाइड वायवाय ही संप्रेरके आणखी लगाम घालतात. असे जड जेवण पुढे सरकायला तीन-चार तास सहज लागतात, आणि वरून प्यालेले पाणीही एरवीपेक्षा सावकाश उतरते. शिवाय जठरातले आम्ल ग्रहणीत आले की सिक्रेटिन (१९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांना सापडलेले, संप्रेरक म्हणून ओळखले गेलेले पहिलेच) स्वादुपिंडाकडून ते आम्ल शमवणारे क्षारयुक्त पाणी मागवते. दिवसाकाठी आपण सुमारे दोन लिटर द्रव पितो, तर लाळ, पित्त आणि इतर पाचकरस मिळून सात लिटरांच्या आसपास आतड्यात ओतले जातात. त्यातले जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर मलावाटे बाहेर जातात, बाकीचे शरीर परत घेते.

मीठ घातलेली पातळ पेज उन्हात बरी वाटते, तिचे कारणही इथेच आहे: तिच्यात स्निग्धांश नगण्य असतो, आणि पिठूळ अंशापासून बनलेले ग्लुकोज सोडियमसह शोषले जाताना पाणी मागोमाग ओढले जाते.

आपण मधुमेहासाठी किंवा वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखे, जीएलपी-१ची नक्कल करणारे औषध घेत असाल, तर माझे उत्तर थोडे बदलते. त्याने जठर मंदावते, काहींची तहानही कमी होते, आणि उलट्या-जुलाब सुरू झाल्यास मे महिन्याच्या घामात मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. अशा वेळी तांब्या एकदम रिकामा न करता घोटाघोटाने प्यावे, आणि उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.