नवरा तीन वर्षं वेगळा राहतोय, मी माहेरी ठाण्यात आहे. घटस्फोट आपोआप होतो का?

नाही, आपोआप होत नाही. कितीही वर्षं वेगळे राहिलात तरी न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय लग्न कायम राहतं. महाराष्ट्राचा यासाठी वेगळा कायदा नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असेल तर कलम १३ पाहा: अर्जाआधी सलग दोन वर्षं जोडीदाराने सोडून दिलं असेल, तर तो 'परित्याग' घटस्फोटाचा आधार ठरतो. क्रूरता, व्यभिचार, धर्मांतर हेही आधार आहेत. पण नुसतं लांब राहणं म्हणजे परित्याग नव्हे. नोकरीसाठी किंवा तुमच्या संमतीने गेला असेल तर तो धरत नाहीत. संसार मोडायच्या इराद्याने, सबळ कारणाशिवाय गेला हे दाखवावं लागतं. म्हणून त्याला 'परत ये' म्हणून केलेले मेसेज आणि 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलेला पत्राचा लिफाफा, न फोडता, जपून ठेवा. त्याचं खरंच फार मोल असतं.

पत्नीला स्वतः राहते तिथे अर्ज करता येतो (कलम १९), त्यामुळे ठाण्याचं कौटुंबिक न्यायालय चालेल. तोही तयार असेल तर कलम १३ ब, परस्पर संमती. त्यात अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी विवाह किंवा विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नाला मात्र वेगळे कायदे लागू होतात.