जुन्या कागदातले ‘वडील’ म्हणजे बापच असं नाही

मोडी कागदात तुमच्या पणजोबांच्या नावाआधी ‘वडील’ आहे, म्हणजे पुढचं नाव त्यांच्या मुलाचं का, असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळाच आला. याच शब्दाने आमच्या घराला कोर्टकचेरीचे दिवस दाखवले.

मूळ प्राकृत ‘वड्ड’, म्हणजे मोठा. हिंदीतला ‘बडा’ त्याचाच भाऊबंद. ‘वडील बंधू’, ‘वडीलधारी’ यांत तो अर्थ आजही शाबूत आहे. बापाला आदराने वडील म्हणणं त्यातूनच आलं. वतनाच्या कागदांत ‘वडीलपण’ म्हणजे थोरलेपणाचा मान, आणि त्यावरून भाऊबंदकी पेटायची. बाप-लेक दाखवायचे तर बहुधा ‘बिन’ किंवा ‘वलद’ असतं, म्हणजे ‘चा मुलगा’, आणि त्यापुढे बापाचं नाव.

आमच्या कागदात ‘वडील अमुक, धाकटे तमुक’ असं स्वच्छ होतं. लिप्यंतर करणाऱ्याने ‘वडील’पुढे मनानेच कंसात ‘पिता’ घातलं. वारस नोंदीत सख्खे भाऊ बाप-लेक झाले, एक पिढी वाढली, हिश्श्यांचा पार विचका झाला. पण खरा छळ कार्यालयाने केला. मूळ कागद पुढे ठेवला तर साहेब म्हणाले, “वडील म्हणजे वडीलच ना?” मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडून दाखवला, त्यांनी हातही लावला नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची, दुरुस्ती मागितली, तर ‘हा लेखनप्रमाद नव्हे, अपील करा’. एवढं एक वाक्य सांगायला महिनोन्‌महिने झुलवलं! आजही संताप येतो.

शेवटी अपिलात प्रांताधिकाऱ्यांपुढे तारलं ते कोतवाल बुकाने, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीने, गाव नमुना 14 ने. दोघांच्या मृत्यूच्या नोंदीत ‘बिन’पुढे एकच नाव होतं. तुम्ही आधी तेच काढा. आणि लिप्यंतर करणाऱ्याला बजावून सांगा, शब्द जसाच्या तसा ठेव, कंसात काही घालू नकोस. मी वकील नाही. अपिलाची मुदत वगैरे वकिलालाच विचारा.

‘वडिलोपार्जित’ शब्दानेही असाच घोळ होतो. त्यातले वडील म्हणजे वाडवडील. बापाने स्वतः कमावलेली जमीन कायद्याने त्याची स्वकष्टार्जित. आणि बायकांच्या नावापुढे ‘कोम’ दिसलं तर पुढचं नाव नवऱ्याचं, बापाचं नव्हे.