अनारशांवरची खसखस आणि अमेरिकी सैन्यातली ड्रग टेस्ट

प्रश्न असा आहे: ‘मुलगा अमेरिकेच्या आर्मीत आहे. दिवाळीच्या फराळातल्या खसखशीमुळे त्याची लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते का? आली तर तिथले डॉक्टर त्याचं म्हणणं ऐकून घेतात का?’

येऊ शकते. डॉक्टर ऐकूनही घेतात, पण तुम्ही धरून चालला आहात त्यापेक्षा त्यांचे हात बरेच बांधलेले असतात. मी अमेरिकेत डॉक्टर आहे आणि ट्रकचालक-बसचालकांच्या पॉझिटिव्ह टेस्ट तपासायचं काम करतो. हे काम करणाऱ्याला मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, थोडक्यात एमआरओ म्हणतात. सैन्यातही एमआरओ असतात, पण तिथली रीत मुलकी रीतीपेक्षा वेगळी आहे आणि ती तुमच्या मुलाला माहीत असायलाच हवी.

आधी खसखस. ती अफूच्या बोंडातली. दाण्याच्या आत मॉर्फिन-कोडीन ही अफूतली द्रव्यं जवळजवळ नसतातच. बोंड फोडून दाणे काढताना बोंडाचा चीक आणि भुगा दाण्यांना चिकटतो, तेच खरं कारण. त्यामुळे एका पुडीतली खसखस निर्धोक आणि दुसऱ्या पुडीतली नाही, असं होतं, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दाणे धुतले, भाजले, की प्रमाण बरंच उतरतं. पण अनारशाचं बघा: पुरी खसखशीवरच थापायची, तळताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायची नाही. म्हणजे दाणे धुतलेले नसतात आणि धड तळलेलेही नसतात. एका अनारशाने काही बिघडेल असं मला वाटत नाही. डिंकाचे लाडू आणि खसखशीची खीर यांत मात्र खसखस सढळ हाताने पडते, तिथे मला खरी काळजी वाटते.

ही माझी एकट्याची भीती नाही. १७ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकी संरक्षण खात्याने सगळ्या सैनिकांना कळवलं की खसखस कुठल्याही रूपात खाणं टाळा, कारण काही जातींच्या खसखशीत कोडीन पूर्वी समजत होते त्याहून जास्त निघतंय. पुढे मार्च २०२४ पासून टेस्ट पॉझिटिव्ह धरायची कोडीनची मर्यादा मिलीलीटरला २,००० नॅनोग्रॅमवरून ४,००० करण्यात आली. मर्यादा दुप्पट झाली म्हणजे आता खसखस चालते, असा अर्थ कृपा करून काढू नका. टाळा म्हणून एकदा लेखी सांगितलेलं असताना नंतर ‘मी खसखस खाल्ली होती’ हे कितपत चालेल, याचा विचार करा. दुबईला जाणाऱ्याच्या बॅगेतून आपण खसखस काढायला लावतो, तितकीच सावधगिरी इथेही हवी.

आता तपासणी. सैनिकाला निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत नमुना द्यावा लागतो, बाटलीच्या लेबलवर आद्याक्षरं करावी लागतात आणि ती बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची नोंद राहते. प्रयोगशाळेत आधी चाळणी चाचणी होते आणि त्यात अडकलेला नमुना मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर पक्का केला जातो. हा काटेकोरपणा ठेच लागून आलेला आहे. मे १९८१ मध्ये निमित्झ या विमानवाहू जहाजावर विमान कोसळून १४ जण गेले. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले आणि चाचण्यांचा धडाका सुरू झाला. मग १९८४ च्या चौकशीत आर्मीच्या प्रयोगशाळांमधल्या नोंदींचा गलथानपणा बाहेर आला, आणि हजारो सैनिकांना कळवावं लागलं की तुमच्यावरची कारवाई कदाचित टिकणार नाही.

यंत्र फक्त पदार्थ ओळखतं. तो शरीरात कसा गेला हे त्याला कळत नाही, तिथे एमआरओ येतो. माझ्याकडे एखाद्या ट्रकचालकाचा कोडीन किंवा मॉर्फिनचा निकाल आला की मालकाला कळायच्या आधी मी चालकाला फोन लावतो. आकडा मिलीलीटरला १५,००० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर त्याने अफूजन्य पदार्थाचा गैरवापर केल्याची वैद्यकीय लक्षणं मला दाखवावी लागतात, नाहीतर निकाल निगेटिव्ह म्हणून द्यायचा. म्हणजे खसखस खाणाऱ्याला इथे बऱ्यापैकी संरक्षण आहे. १५,००० च्या वर मात्र खसखशीचं कारण मलाही मान्य करता येत नाही.

आर्मीत एवढी मोकळीक नाही. प्रिस्क्रिप्शनवर मिळू शकणाऱ्या औषधांचेच निकाल एमआरओकडे जातात: कोडीन, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, ॲम्फेटामिन असे. गांजा, कोकेन आणि हेरॉईनचे सहसा जातच नाहीत. निकाल आलेला युनिटला माहीत असतो. एमआरओ सैनिकाची वैद्यकीय आणि दातांची फाइल उघडून एवढंच बघतो की हा पदार्थ कोणी लिहून दिला होता का, कधी, किती. त्यावरून वापर वैध की अवैध असं मत तो देतो. खसखस कोणत्याच फाइलमध्ये लिहिलेली नसते, ही खरी अडचण आहे. एक दिलासा आहे: खसखशीने हेरॉईनची खूण असलेलं सहा-ॲसिटिलमॉर्फिन कधीही येत नाही, आणि लघवीत थेबाइन हे अफूच्या बोंडातलंच आणखी एक द्रव्य सापडलं तर ते खसखशीच्या बाजूने बोलतं.

खरं सांगायचं तर फराळापेक्षा जास्त भीती मला भारतातून पाठवलेल्या औषधांच्या डब्याची वाटते. खोकल्यासाठी म्हणून कोडीनचं सिरप, झोप येत नाही म्हणून बाबांच्या पाकिटातली अल्प्राझोलमची गोळी, पोट बिघडलं म्हणून जातिफलादि चूर्ण, ज्यात भांग असते. आई प्रेमाने देते, मुलगा विश्वासाने घेतो, आणि त्याच्या फाइलमध्ये यातलं काहीच नसतं. दुसऱ्याच्या नावावरचं औषध घेणं हाच तिथे गुन्हा आहे. तेव्हा डबा पाठवायचाच असेल तर त्यात औषधं घालू नका. त्याला तिथल्या डॉक्टरकडून लिहून घेऊ दे, आणि रजेवर असताना बाहेरच्या डॉक्टरने काही दिलं तर परतल्यावर त्याची नोंद करून घेऊ दे.

समजा निकाल पॉझिटिव्ह आलाच. आपली माणसं अशा वेळी घाबरून सगळं भडाभडा सांगून टाकतात, इथे ते करू नये. सैनिकी न्यायालयात डॉक्टरशी झालेलं बोलणं आपोआप गोपनीय ठरत नाही, त्यामुळे एमआरओशी किंवा वरिष्ठांशी बोलायच्या आधी त्याने वकिलाला भेटावं. आर्मीत बचावाचा वकील फुकट मिळतो आणि तो कमांडरच्या हाताखाली नसतो. सैनिकी कायद्याच्या कलम ११२-अ खाली सरकारला सिद्ध करावं लागतं की त्याने पदार्थ जाणूनबुजून घेतला. मात्र लघवीत पदार्थ सापडला एवढ्यावरूनही तसा निष्कर्ष काढायची न्यायालयाला मुभा आहे, म्हणून नकळत पोटात गेलं हे दाखवणारे पुरावे महत्त्वाचे ठरतात: पार्सलची पावती, उरलेला फराळ, खसखशीचं पाकीट. पाकीट फेकू नका. प्रयोगशाळेची पूर्ण कागदपत्रं मागवावीत, त्यात चाळणीचे आणि पक्के आकडे, मॉर्फिन-कोडीनचं प्रमाण आणि बाटलीचा प्रवास सगळं असतं. पॉझिटिव्ह नमुना किमान एक वर्ष गोठवून ठेवतात. फेरतपासणी हवी असेल तर त्या मुदतीत, वकिलामार्फत आणि लेखी मागायला सांगा.