मामांची तिजोरी फोडू नका, उघडून घ्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीच्या गावभागात मामांचं घर, तळमजल्यावरच्या खोलीत जुनी गोदरेजची तिजोरी. मामा दोन महिन्यांपूर्वी गेले, चावी सापडत नाही आणि मामेभावाने रविवारी गॅस कटरवाला बोलावलाय. बाकीचं पुढे सांगतो, पण आज त्याला फोन करा आणि रविवार रद्द करायला लावा. मी सांगलीत तिजोऱ्या आणि कुलपांचं काम अठ्ठावीस वर्षं केलं. कटरने उघडलेल्या तिजोऱ्यांसमोर बसून रडणारी माणसं पाहिली आहेत, म्हणून एवढ्या घाईने लिहितोय.

तिजोरीचं दार म्हणजे नुसता जाड पत्रा नसतो. दोन पत्र्यांच्या मध्ये आगीला दाद न देणारा भराव असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि आसपासचा भाग जळाला, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत निघाला होता, तो या भरावामुळे. पण कटर तो भरावच भेदतो आणि ज्वाळा थेट आत सोडतो. सोनं वितळायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते, कागद सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपास काळा पडतो. म्हणजे दागिने वाचतील आणि कागद जातील. ग्राइंडरही नको. ठिणग्या आत पडतात, आणि जुन्या भरावात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ बंद खोलीत छातीत जाते.

मिरजेकडच्या एका घरी मला बोलावलं ते कटरने दार कापून झाल्यावर, आतल्या चोरकप्प्यासाठी. वरच्या फळीवर चांदीचं तांब्या-भांडं काळवंडलेलं, बाजूला काळ्या पापुद्र्यांची चवड. सगळ्यात वरच्या पापुद्र्यावर स्टँपपेपरची नक्षी अजून ओळखू येत होती. थोरल्या मुलाने बोट लावलं आणि तिचा भुगा झाला. खरेदीखताची नक्कल पुढे दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळाली. पण वडिलांनी मृत्युपत्र लिहिलं होतं की नव्हतं, हे कोणालाच कळलं नाही. दोघे भाऊ तेव्हापासून बोलत नाहीत. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. साध्या फुलस्केपवर लिहून, सही करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी ते चालतं. म्हणूनच ते तिजोरीत ठेवलेलं असतं आणि त्याची प्रत दुसरीकडे कुठे नसते.

आता चावी. देवघर, हळदीचा डबा, धान्याची कोठी, फोटोंच्या मागे, गादीची शिवण हे सगळं तुम्ही पाहिलंच असेल. पण मामा जुन्या वळणाचे आडते होते. गणपती पेठेतले असे कित्येक जण मी पाहिले, चावी जानव्याला नाहीतर करगोट्याला बांधलेली असायची. शेवटच्या आंघोळीला करगोटा तोडतात. तो कोणी तोडला आणि कुठे ठेवला, ते विचारा. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी परत आली असेल तर ती उलटी करून झटका. तिजोरीला बहुधा दोन चाव्या मिळतात आणि दुसरी विश्वासातल्या माणसाकडे असते, बऱ्याचदा लग्न झालेल्या बहिणीकडे. आईंच्या आणि मावशींच्या जुन्या ट्रंका उघडून बघा. त्यांनाच आठवत नसेल की ही चावी कसली.

चावी सापडली तरी लगेच जोर लावू नका. मामांचं घर गावभागातलं, म्हणजे २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत तिथं पाणी आलं का, ते आईंना विचारा. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तळमजल्यावरची तिजोरी त्यात बुडालेली असायची शक्यता मोठी आहे. पुरानंतर दोन गोष्टी होतात. एक, कुलपाच्या पात्यांवर गाळ आणि गंज बसतो. दुसरी लोकांच्या ध्यानात येत नाही. जमीन खचते, तिजोरीचा एक पाय खाली बसतो, दार चौकटीत तिरकं होतं आणि आतले दांडे दाबले जातात. मग चावी पाव फेरा फिरते आणि थांबते. गावभागातच एका काकूंकडे अगदी असंच होतं. चार जण चावीशी झटून गेले होते, तिचा दांडा पिळवटायला आला होता. मी पहारीने कोपरा दोन दोरे, म्हणजे पाव इंच, उचलला, खाली लोखंडाची पट्टी सरकवली, दाराला खांदा लावून आत रेटलं आणि काकूंनाच चावी फिरवायला सांगितली. दोन बोटांनी फिरली. ‘टक्’ असा आवाज आला तशा त्या मटकन खाली बसल्या.

चावीच्या भोकात खोबरेल किंवा गोडं तेल अजिबात घालू नका. ते वाळून चिकट होतं आणि पाती एकमेकांना धरून बसतात. गंज सोडवणारा स्प्रे दोन-तीनदा मारा आणि एक रात्र जाऊ द्या. भोकच दिसत नसेल तर घाबरू नका. काही जुन्या तिजोऱ्यांत ते सरकत्या पट्टीखाली लपवलेलं असतं, आणि पट्टी सोडायला शेजारचा एखादा खिळा किंवा बटण दाबावं लागतं.

चावी मिळालीच नाही तर कंपनीच्या सेवा केंद्राला किंवा फक्त तिजोऱ्यांचं काम करणाऱ्या जाणत्या कारागिराला बोलवा. रस्त्यावरच्या चावीवाल्याचं हे काम नव्हे. जाणता माणूस आधी कुलूप कोणतं ते बघतो, पाती जुळवून चावी घडवायचा प्रयत्न करतो, आणि नाहीच जमलं तर ठरलेल्या जागी एकच बारीक भोक पाडतो. ती जागा माहीत असणं हीच त्याची विद्या. काही तिजोऱ्यांत कुलपामागे काचेची पाटी असते. चुकीच्या जागी ड्रिल गेलं की ती फुटते, जादा दांडे बसतात आणि काम चौपट वाढतं. तो तुमच्याकडे मृत्यूचा दाखला आणि नात्याचे कागद मागेल. मागितले नाहीत तर त्याच्याकडून उघडून घेऊ नका.

उघडताना कोण हजर असावं, हे मला कुलपापेक्षा महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिलंय की मामा अविवाहित होते, आजी-आजोबा नाहीत, थोरले मामा आधीच वारले, आणि त्यांचा मुलगा म्हणजे हा मामेभाऊ. मामांची स्वतःची कमाई असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हयात भाऊ-बहिणी सारख्या वाट्याने वारस ठरतात. म्हणजे तुमच्या आई आणि मावशी. त्या असेपर्यंत पुतण्याला वाटा येत नाही, आणि भाची म्हणून तुम्हालाही नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्ता असेल तर हिशेब वेगळा, त्यासाठी सांगलीतला दिवाणी वकील गाठा. मामेभावाला हे टोचेल. तरीही त्याला समोर बसवा, कारण मामांचं आजारपण त्याने काढलंय असं तुम्हीच लिहिलंय, आणि पाठीमागे उघडलेल्या तिजोरीतून काय निघालं यावर नंतर कोणी विश्वास ठेवत नाही.

घराबाहेरचे दोन पंच बोलवा. बंद दारापासून व्हिडिओ सुरू करा आणि मधे तोडू नका. एकाने वस्तू काढायची, दुसऱ्याने मोठ्याने सांगायची, तिसऱ्याने लिहायची. दागिने तिथल्या तिथे वजन करून घ्या. शेवटी सगळ्यांच्या सह्या. चोरकप्पा विसरू नका, त्याची चावी बहुधा आतच वरच्या फळीच्या मागे टांगलेली असते.

कागदांची पुराने वीट झाली असेल तर पानं उपसू नका, आहे तशी सुती कापडात गुंडाळून जुनी कागदपत्रं जपणाऱ्या माणसाकडे न्या. कागद अजून ओले निघाले तर उन्हात नको, टीपकागदावर पंख्याखाली सावलीत. ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा निघाल्या तर लक्षात घ्या, २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं दंडाला पात्र आहे. वकिलाला लगेच सांगा. परवान्याची बंदूक किंवा काडतुसं असतील तर घरात ठेवू नका, पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. कागदी शेअर्स जुने म्हणून फेकू नका. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर्स केंद्र सरकारच्या निधीत जातात, पण वारसांना मागणी करून परत मिळवता येतात. मोडीतले कागद निघाले तर रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत.

समोरून, मुठीचा, चावीच्या भोकाचा आणि चारही पायांचा असे फोटो काढून इथेच टाका. पायांचा फोटो नीट उजेडात काढा, पाण्याची रेघ कुठवर आहे ते मला बघायचंय.