दरडींचा धोका कमी करण्याच्या प्रस्तावासाठी सल्लागार नेमावा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत काम करणारी तुमची छोटी संस्था, दरडींचा धोका कमी करण्यासाठी साधारण 50 लाखांचा प्रस्ताव करायचाय, आणि तो लिहून द्यायला एक सल्लागार मंजूर रकमेच्या 8 टक्के मागतोय. नेमावा का?

त्या बोलीवर नेमू नका. सल्लागार घ्यायला हरकत नाही, पण टक्केवारीवर नको.

50 लाखांचे 8 टक्के म्हणजे 4 लाख. ते आणणार कुठून? अर्ज लिहायला झालेला खर्च देणगीदार सहसा मान्य करत नाहीत, कारण तो मंजुरीच्या आधीचा असतो. मग ते पैसे ‘प्रशिक्षण’ नाहीतर ‘दस्तऐवजीकरण’ अशा शीर्षाखाली दडवले जातात आणि लेखापरीक्षणात बरोब्बर वर येतात. परदेशी निधी असेल तर 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे; त्यातून 8 टक्के लेखकाला दिल्यावर तुमच्या हिशेबनिसाचा पगार कशातून काढणार? शिवाय टक्केवारीवाल्याचा फायदा रक्कम फुगण्यात असतो, वाडी सुरक्षित होण्यात नाही. निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीही अशी बोली आपल्या आचारसंहितेत निषिद्ध ठरवली आहे. हे त्या गृहस्थांना सांगून बघा. कसलेला माणूस असेल तर लगेच ठरावीक रकमेवर येईल.

मी काही वर्षं एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांवरचा खर्च बघणाऱ्या, विभागात आलेले प्रस्ताव वाचायचं काम केलं. भाड्याने लिहून घेतलेला मजकूर दुसऱ्या पानावरच ओळखू यायचा. सुरुवातीला सेंडाई आराखड्याचे (आपत्तींचा धोका कमी करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या आराखड्याचे) चार प्राधान्यक्रम, मग देशभरची आपत्तींची आकडेवारी, आणि गाव कुठे आहे ते सातव्या पानावर. सह्याद्रीतल्या एका वाडीच्या प्रस्तावात चक्रीवादळ निवारा मागितलेला मी वाचलाय. आधीचा कुठला तरी किनारपट्टीचा मसुदा असणार, नाव बदललं आणि निवारा तसाच राहिला.

म्हणून सल्लागाराला फोन करण्याआधीचं काम तुमचं तुम्हीच करा. 2005 च्या जुलैत तुमच्याच महाड तालुक्यात दासगाव, जुईला दरडी आल्या, 2021 च्या 22 जुलैला तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. हे प्रत्येक अर्जदार लिहितो. वाचणाऱ्याला हवं असतं ते पुढचं: तुमच्या कोणत्या वाडीच्या वर जमिनीला भेग आहे, ती कधीपासून आहे, कोणते झरे पावसात गढूळ वाहायला लागलेत, कोणती झाडं कलली आहेत, डोंगराच्या उतारावर कुठे रस्त्यासाठी कापणी झाली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिवारफेरी काढा. फोटो तारखेसकट ठेवा. मुसळधार पावसाच्या रात्री कोण कोणाच्या घरी झोपायला जातं, हेही विचारा. गावाची बचावाची मूळ व्यवस्था तीच असते, आणि ती बाहेरच्याला कधीच दिसत नाही.

सरकारी यादीत वाडीचं नाव आहे का ते बघाच, पण तिथे थांबू नका. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच सांगितलं होतं. तुमची एखादी वाडी यादीत नसेल आणि वर भेग असेल, तर प्रस्तावातला सगळ्यात वजनदार परिच्छेद तोच. त्यासाठी भूवैज्ञानिकाचा एक दिवसाचा दौरा आणि लेखी अभिप्राय मिळवा. खरं सांगायचं तर लेखकापेक्षा त्यावर खर्च करा.

एवढं हाताशी आलं की सल्लागाराचा खरा उपयोग सुरू होतो. उद्दिष्टं, कामं आणि मोजमाप यांची साखळी जुळवणं, अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी कामाशी बांधणं, आणि तुमचा मोह आवरणं. संरक्षक भिंत, पुनर्वसन असलं काही 50 लाखांत घालू नका. ती सरकारची जबाबदारी आहे आणि झेपणारीही नाही. पर्जन्यमापक, ते रोज वाचणारी वाडीतलीच दोन माणसं, किती पाऊस झाला की वाडी रिकामी करायची याचा भूवैज्ञानिकाशी बोलून ठरवलेला आकडा, भोंगा, रात्रीच्या निवाऱ्यासाठी शाळा, आणि जूनच्या आधी रंगीत तालीम. हे या रकमेत छान बसतं.

पैसा कुणाकडे मागायचा, हेही लिहिण्याआधी ठरवा. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला 20 टक्के भाग धोका कमी करण्यासाठी वेगळा ठेवला खरा, पण तो सरकारी यंत्रणेतून खर्च होतो. संस्थेने थेट अर्ज करून मिळत नाही. तिथे तुमची वाट जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणातून जाते. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्या जिल्हा आराखड्यात तुमच्या वाड्यांचा उल्लेख यावा म्हणून पाठपुरावा करा. ग्रामसभेचा ठराव जोडला की बोलणं सोपं जातं. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये आपत्ती व्यवस्थापन 2019 पासून स्वतंत्रपणे नमूद आहे. तिथे जायचं तर 12 ए, 80 जी (या आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवता यायला हवं. ही कागदपत्रं अपुरी असतील तर कितीही चांगला लेखक घ्या, उपयोग नाही.

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण लेखी हवा. एकूण ठरावीक रक्कम, जीएसटी धरून की वगळून ते स्पष्ट, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) तुम्ही कापणार. पैसे टप्प्याने द्या: थोडे सुरुवातीला, मोठा भाग पहिल्या पूर्ण मसुद्यावर, उरलेले अंतिम प्रतीवर. देणगीदाराने शंका विचारल्या तर एक फेरी उत्तरं तोच लिहून देईल, हे आधीच घाला. पैसे मिळाल्यावर फोन न उचलणारे बरेच असतात. मजकुराची मालकी संस्थेची. अंदाजपत्रक सूत्रांसकट एक्सेलमध्ये हवं, पीडीएफ नको. आणि निदान दोन दिवस वाडीत मुक्काम. या अटीवर जो कुरकुर करेल त्याचा विचार तिथेच सोडा. निवडताना जुना प्रस्ताव वाचायला मागा आणि एकच प्रश्न विचारा: देणगीदाराने निम्मेच पैसे दिले तर यातलं काय काढाल? विचार करून लिहिणारा चटकन सांगतो.

वेळेचंही बघा. भेगा, झरे, गढूळ पाणी हे सगळं जुलै-ऑगस्टातच दिसतं, तेव्हा माहिती आत्ताच्या पावसात गोळा करा. लिखाण दिवाळीच्या आसपास संपवा, म्हणजे कंपन्या पुढच्या आर्थिक वर्षाचं नियोजन करायला बसतील तेव्हा तुमचा कागद त्यांच्या टेबलावर असेल.